आधी पेंडंट पालथं करा

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून मी चांदीचं एक मोठं पेंडंट घेतलं. वर त्रिकोणी पट्टी, तिच्याखाली आडवी नळी, नळीला पाच साखळ्या आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला घुंगरू. त्रिकोणावर तीन लाल खडे आहेत आणि त्यांच्याभोवतीच्या वेलबुट्टीवर कुठे कुठे सोनेरी मुलामा दिसतो. मागची बाजू साधी, थोडी उंचसखल. एका कोपऱ्यात करड्या रंगाचा गोळा चिकटल्यासारखा आहे. अडकवायच्या कडीवर ‘९२५’ असा शिक्का आहे. विक्रेता म्हणाला, तिबेटी आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं. ओळखीच्या एकांनी अफगाणी सांगितलं. मुलगी म्हणते, नवंच आहे, सोडा लावून चमकव आणि घाल. त्याच विक्रेत्याकडे १७८० सालाचं नाणं जडवलेलं दुसरं पेंडंट होतं. ‘हे तर अडीचशे वर्षांचं’ म्हणत होता. मी ते सोडून दिलं. माझं पेंडंट नक्की कुठलं आणि कधीचं? आणि ते दुसरं सोडून मी चूक केली का? सोबत चार फोटो पाठवते आहे.
— एक वाचक

उत्तर : सोडा आधी होता तिथे परत ठेवा, मग पुढचं बोलू. का, ते सांगतोच.

तुमचं पेंडंट तिबेटी नाही, याची मला खात्री आहे. घडण तुर्कमेन, म्हणजे मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांची आहे. त्यामुळे ‘अफगाणी’ म्हणणारेही अगदीच चुकलेले नाहीत. वयाचा मात्र एकच आकडा मागू नका. त्रिकोणाचं वय एक, कडीचं दुसरं आणि एका खड्याचं बहुधा तिसरं, असं हे प्रकरण दिसतंय. जुन्या, वापरातल्या दागिन्यांचं बहुतेक वेळा असंच असतं.

‘कुठलं’ आणि ‘कधीचं’ हे प्रश्न आपण एका दमात विचारतो आणि विक्रेतेही एका दमात उत्तर देतात. दोन्हींचे पुरावे मात्र निराळे. कुठलं, हे आकार, नक्षी, खडे आणि घडवायची रीत यांवरून कळतं. कधीचं, हे झीज, जोड, धातू आणि दुरुस्त्या यांवरून. तुर्कमेन घडणीचं पेंडंट गेल्या वर्षी बनलेलं असू शकतं आणि तरी ते तुर्कमेन घडणीचंच असतं.

त्रिकोण आणि नळी ही जोडी ताइताची. तुर्कमेन लोक त्याला ‘तुमार’ म्हणतात. नळीत प्रार्थनेचा किंवा कुराणातल्या आयतींचा कागद गुंडाळून ठेवायचा आणि तो गळ्यात, छातीवर घालायचा. पण नुसत्या आकारावर विसंबू नका. त्रिकोणी ताईत मोरोक्कोपासून मध्य आशियापर्यंत सापडतात आणि आडव्या नळ्या ओमान-येमेनमध्येही. तिबेटी ‘गाऊ’सुद्धा ताइताची पेटीच; पण ती चौकोनी, गोल किंवा कमानदार देव्हाऱ्याच्या आकाराची, आणि तिच्यावर पिरोजा नि पोवळं. तुमच्याकडे आहेत ते लाल अकीक, चांदीवर सोनेरी मुलाम्याची वेलबुट्टी आणि खाली घुंगरांच्या साखळ्या. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बोट तुर्कमेनांकडेच जातं.

त्यातही पोटभेद आहेत. तेके टोळीच्या दागिन्यांत चांदीवर वेलबुट्टी कोरून त्यावर सोन्याचा मुलामा भरपूर चढवलेला असतो, मधेमधे जाळी कापलेली असते आणि अकीक सपाट माथ्याचे. योमुत टोळीच्या दागिन्यांत चांदी जास्त मोकळी दिसते. तिच्यावर मुलामा दिलेले पातळ पत्र्याचे छोटे तुकडे चिकटवतात, भोवती ठशाने मण्यांची ओळ उठवतात. तुमच्या पहिल्या फोटोत वेलबुट्टी कोरलेली आहे आणि मुलामा थेट तिच्यावर आहे, म्हणून माझा कल तेके शैलीकडे. ‘शैली’ मुद्दाम म्हणतो आहे. घडवणारा कोणत्या टोळीचा होता, हे फोटोवरून सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

आता अफगाणी कसं? तुर्कमेन आज तुर्कमेनिस्तानात आहेत, तसेच ईशान्य इराणात आणि उत्तर अफगाणिस्तानातही आहेत. १९७९ नंतरच्या युद्धांच्या काळात निर्वासितांबरोबर पुष्कळ जुनी चांदी पाकिस्तानात, विशेषतः पेशावरच्या बाजारात आली आणि तिथून जगभर पांगली. बाहेरच्या ग्राहकाने ‘कुठून आणलं?’ विचारलं की उत्तर यायचं ‘अफगाणिस्तानातून’. माल जिथून बाहेर पडला आणि जिथे घडला, ती दोन ठिकाणं दर वेळी एकच असतात असं नाही. तुमच्या ओळखीच्यांनी पहिलं सांगितलं, तुम्हाला हवं होतं दुसरं.

शेजारच्या मुलखांची ओळखही जाता जाता करून देतो, म्हणजे पुढच्या खरेदीला उपयोग होईल. निळा-हिरवा-पिवळा मीना आणि जोडीला पोवळं दिसलं, तर अल्जीरियाच्या कबायली प्रदेशाचा विचार करा. मोरोक्कोतल्या तिझनीतचं मीनाकामही त्याच्याशी मिळतंजुळतं असतं, म्हणून आधी त्याची शंका घ्या आणि मग फरक शोधा. मोहरीहून बारीक चांदीचे रवे ओळीने बसवलेले आणि त्यांच्याभोवती नाजूक तारकाम असेल, तर येमेन. तिथलं उत्तम काम ज्यू कारागिरांचं होतं आणि १९४९-५० मध्ये त्या समाजातले बहुतेक सगळे विमानांनी इस्रायलला गेले. म्हणून अस्सल येमेनी रवाकामाच्या बाबतीत १९५० हे साल मोठी खूण ठरतं. मात्र तेच कारागीर पुढे इस्रायलमध्येही त्याच पद्धतीचं काम करत राहिले, हेही विसरू नका.

इथून वयाकडे वळू, आणि इथे माझी एक तक्रार आहे. चार फोटो पाठवलेत आणि चारही पुढच्या बाजूचे! दागिन्याची पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. नक्कल करणाराही सगळी मेहनत तिथेच ओततो. मागच्या बाजूला कारागीर निवांत असतो, आणि नक्कल करणारा आळशी. तुम्ही मागच्या बाजूचं जे दोन ओळींत वर्णन केलंय, त्याने मला चारही फोटोंपेक्षा जास्त सांगितलं.

मागचा पत्रा उंचसखल आहे, म्हणजे तो हाताने ठोकलेला असावा. यंत्राच्या रुळांतून निघालेला पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. हा मुद्दा जुनेपणाच्या बाजूने जातो, पण एकट्याने निकाल लावत नाही. हाताने पत्रा ठोकणारे कारागीर आजही आहेत. त्याहून महत्त्वाची तपासणी दहापट भिंगातून करा. खड्यांच्या कोंदणाभोवती दातेरी तार असेल. ती तार वेगळी आणून झाळलेली आहे की पत्र्यातूनच उगवल्यासारखी दिसते? वेगळी असेल तर तारेखाली कुठेतरी बारीक फट, कुठेतरी झाळकामाचा ओघळ सापडेल आणि दातांचं अंतर पुढेमागे झालेलं असेल. पत्र्याशी एकजीव असेल, कडा बोथट असतील आणि सपाट भागात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतील, तर समजा की जुन्या दागिन्याचा साचा घेऊन ओतलेली ही प्रत आहे. मग बाकीच्या परीक्षा करायची गरज नाही.

तो करडा गोळा मला फार आवडला. तो कथील-शिशाच्या डागाचा दिसतो. चांदीचा नीट जोड झाळायला ६०० अंशांपेक्षा जास्त उष्णता लागते. कथील-शिसं २०० अंशांच्या आतच वितळतं. खडा तडकेल या भीतीने किंवा हाताशी साधन नव्हतं म्हणून कुणीतरी हा स्वस्तातला मार्ग धरला. ओबडधोबड आहे, कुरूप आहे, पण हा दागिना कुणीतरी वापरत होतं, तो मोडला आणि तरी टाकून न देता जोडून घेतला, याचा तो पुरावा आहे. एक सूचना मात्र कडक शब्दांत : तो डाग तसाच असताना कोणत्याही सोनाराला तिथे ज्योत लावू देऊ नका. तापलेलं शिसं-कथील चांदीत शिरतं आणि पत्रा कुरतडून भोक पाडतं. दुरुस्ती हवीच असेल तर आधी तो डाग पूर्ण खरवडून काढावा लागतो.

झीज कुठे बघायची, तर जिथे धातू धातूवर घासतो तिथे. नळीच्या ज्या छिद्रांत साखळ्या अडकवल्या आहेत, ती खालच्या बाजूला लांबट झाली आहेत का? घुंगरांच्या कड्या आतून पातळ झाल्या आहेत का? पाठीचा फुगीर भाग कपड्यावर घासून गुळगुळीत झालाय का? खरी झीज हालचालीच्या दिशेने होते आणि खोबणीत पोचत नाही. नकली झीज कानशीने किंवा फिरत्या ब्रशने केलेली असते, त्यामुळे भिंगातून समांतर ओरखडे दिसतात आणि जिथे काहीच घासू शकत नाही तिथेही धातू झिजलेला असतो. पाच साखळ्यांपैकी डावीकडून दुसरी मला वेगळी वाटते. तिचे दुवे बाकीच्यांपेक्षा गोल आणि एकसारखे आहेत. ती नंतरची असेल तर बिघडत नाही. नोंद करून ठेवा, एवढंच.

‘९२५’बद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. हा आकडा १००० भागांत ९२५ भाग चांदी असल्याचं सांगतो, बाकी काही नाही. तुर्कमेन सोनार असले शिक्के मारत नसत. म्हणून तुमच्या कडीवरच्या शिक्क्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर कडी अलीकडे बदलली, किंवा अख्खं पेंडंटच निर्यातीसाठी अलीकडे बनवलं. शिक्का फक्त कडीवर आहे, अंगावर कुठेच नाही, आणि फोटोत कडीचा रंगही जास्त पांढरा दिसतो, म्हणून मी पहिल्या शक्यतेकडे झुकतो. विक्रेत्याने ‘९२५ आहे, म्हणजे जुनं अस्सल’ असं म्हटलं असेल तर त्याने स्वतःच्याच दाव्यावर पाणी ओतलंय. कालनिर्णयाला उपयोगी शिक्के वेगळे. ‘८४’ आणि टोपडं घातलेल्या स्त्रीचं मस्तक असेल, तर रशियन साम्राज्य आणि १८९९ नंतरचं. ‘८७५’ आणि पंचकोनी ताऱ्यात कोयता-हातोडा असेल, तर सोव्हिएत आणि १९५८ नंतरचं. इंग्रजीत ‘मेड इन’ आणि देशाचं नाव असेल, तर ते परदेशी गिऱ्हाइकासाठी विसाव्या शतकात बनलं, असं धरून चालायला हरकत नाही.

खड्यांपैकी दोन मला अकीकच वाटतात. उजेड आत जाताना ढगाळ होतो, रंग कुठे गडद कुठे फिका आहे. मधला मात्र एकसारखा लाल आहे आणि तिसऱ्या फोटोत त्यात सुईच्या टोकाएवढा गोल बुडबुडा दिसतो. तो काच. घाबरू नका. युरोपातून, विशेषतः बोहेमियातून, अकिकासारखी काच पूर्वीही या बाजारांत येत होती, त्यामुळे काच म्हणजे नकली असं होत नाही. कोंदणाची कड त्या एका खड्यापाशी मुद्दाम उघडून पुन्हा दाबल्यासारखी आहे का, तेवढं बघा. असेल तर खडा नंतर बदलला.

मग धातू. लोहचुंबक लावून पाहिला असेल तर तो चिकटला नसेल. पण तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरलाही तो चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने फक्त लोखंडावर चढवलेला मुलामा पकडला जातो. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी शून्य. गेल्या काही दशकांत भटक्या टोळ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या दागिन्यांत ते सर्रास सापडतं, आणि ‘तिबेटी चांदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालातही चांदी बहुधा नसतेच. पाण्यात वजन करून घनता काढायची पद्धत चांगली आहे : ४२ ग्रॅमची वस्तू दोऱ्याने पाण्यात बुडवल्यावर वजन ४ ग्रॅमने कमी झालं, तर घनता १०.५, म्हणजे जवळपास शुद्ध चांदी. जर्मन सिल्व्हर साडेआठ-पावणेनऊच्या आसपास येतं. पण ही पद्धत भरीव आणि खडे नसलेल्या दागिन्यालाच लागू पडते. तुमची नळी पोकळ, घुंगरं पोकळ आणि आत कदाचित कागद. पाण्यात बुडवू नका.

त्यापेक्षा एक्सआरएफ यंत्र असलेल्या तपासणी केंद्रात जा. दागिना न खरवडता क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण कळतं. तिथे ‘चांदी किती’ एवढंच विचारून परत येऊ नका. वाचन निदान चार ठिकाणचं घ्या : पाठ, कडी, एखादा जुना जोड आणि मुलाम्याची जागा. मुलाम्यात पारा सापडला तर तो जुन्या रीतीने, सोनं पाऱ्यात कालवून आणि तापवून चढवलेला. विजेने मुलामा देण्याची पद्धत १८४० पासून व्यापारात आली. त्यात असा पारा मिळत नाही. जोडात कॅडमियम सापडलं तर तो जोड विसाव्या शतकातला. आणि पाठीची चांदी अगदी ९२५च्या नेमावर आली तर मला संशय येईल. जुने सोनार नाणी आणि मोडीचे दागिने वितळवून घडवायचे, त्यामुळे हीण कमीजास्त असतं आणि आकडा असा नेमका जमत नाही. पृष्ठभागावरचं तांबं निघून गेल्यामुळे जुन्या चांदीचं वाचन खऱ्यापेक्षा थोडं वर येऊ शकतं, हे यंत्र चालवणाऱ्याला माहीत असतं. नसेल तर दुसरं केंद्र शोधा.

आता सोडा. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग. तो खोबणीत वर्षानुवर्षं साचतो आणि उठावावर हाताच्या घर्षणाने निघत राहतो. रासायनिक द्रावणाने एका दिवसात आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा बसतो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो. हा फरक वय ठरवायला कामी येतो, आणि सोडा नि अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची अंघोळ घातली की तो कायमचा जातो. पाऱ्याचा मुलामा झिजून आधीच पातळ झालेला असतो. घासलं की तोही जातो. कोरडं मऊ सुती कापड पुरे. रबर आणि लोकर यांच्यापासून दूर ठेवा, दोन्हींत गंधक असतं. मुलीला पेंडंट घालायला द्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त वजन त्या जुन्या छिद्रांवर नको, म्हणून रुंद दोरीत ओवून द्या.

नळीचं टोपण हाताने सहज फिरलं तर उघडा, अडलं तर सोडून द्या. आत कागद असेल तर जागेवरच ठेवा. तो कुणाची तरी प्रार्थना आहे. शिवाय कागद कधीही बदलता येतो, म्हणून त्यावरून वय ठरत नाही.

त्या दुसऱ्या पेंडंटची चुटपुट लावून घेऊ नका. १७८० साल असलेलं जे मोठं चांदीचं नाणं दागिन्यात दिसतं, ते जवळपास नेहमी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचं थालर असतं. तिचा मृत्यू १७८० मध्ये झाला आणि त्यानंतर पाडलेल्या प्रत्येक थालरवर तेच साल राहिलं, कारण अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना तोच छाप ओळखीचा होता आणि दुसरा ते घ्यायला तयार नसत. व्हिएन्नाच नव्हे, रोम, लंडन, पॅरिस आणि मुंबईच्या टांकसाळींनीही विसाव्या शतकात तीच नाणी पाडली, सालासकट. व्हिएन्नात ती आजही पाडतात. त्यामुळे त्या नाण्यावरून एवढंच सिद्ध होतं की पेंडंट १७८० च्या आधीचं नाही. जाणकार नाण्यावरच्या गरुडाची शेपटीची पिसं आणि सम्राज्ञीच्या पदकातले मोती मोजून कोणती टांकसाळ, कोणता काळ, हे वेगळं करतात. विक्रेत्याने ते केलं असेल असं दिसत नाही. एक मात्र आहे. थालर अठ्ठावीस ग्रॅमच्या थोडं वर, ८३३ कसाचं आणि भरवशाचं असल्यामुळे येमेन-इथिओपियाच्या सोनारांचा तो कच्चा मालही होता. म्हणजे तिथल्या जुन्या दागिन्याची तपासणी केली आणि चांदी ८३३ च्या आसपास आली, तर तो मोलाचा धागा.

तर माझा आजचा अंदाज असा : पेंडंटचं मुख्य अंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत केव्हाही घडलेलं असू शकतं. संग्रहालयांत असलेले बहुतेक तुर्कमेन दागिने याच टप्प्यातले मानले जातात. १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीत खासगी सोनारकाम आटत गेलं, हेही त्याला धरून आहे. दातेरी तार ओतीव निघाली किंवा पाठीला जर्मन सिल्व्हर आलं, तर मात्र हा अंदाज मागे घेऊन ‘गेल्या पन्नासेक वर्षांतलं’ असं म्हणेन. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तुर्कमेन चांदीचा मोठा संग्रह आहे आणि त्याचे फोटो घरबसल्या पाहता येतात. तिथे तुमच्या पेंडंटसारखे चारपाच नमुने शोधा आणि साम्यापेक्षा फरकांची यादी करा.

पुढचं पत्र पाठवाल तेव्हा पाठीचा फोटो, दिवा बाजूने धरून काढलेला, शेजारी मोजपट्टी ठेवून. एक कडीच्या आतल्या बाजूचा, एक त्या करड्या डागाचा आणि एक साखळ्या नळीला जिथे अडकतात तिथला. पुढच्या बाजूचा एकही नको.